बोट चापावर, नजर सिंहावर

शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या मोकळ्या रानात सिंहांचं शूटिंग करणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी एक बाई रायफल धरून उभी असायची. तिचं नाव ओसा जॉन्सन. तिची ही गोष्ट.

‘सिंबा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणाला ‘लायन किंग’मधला छावा आठवेल, कुणाला रोहित शेट्टीच्या सिनेमातला रणवीर सिंग. स्वाहिली भाषेत सिंबा म्हणजे सिंह. पण या दोघांच्या कितीतरी आधी, १९२८च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ‘सिंबा’ नावाचा एक मूकपट लागला होता. त्यात कार्टून नव्हतं की हिरो नव्हता. पडद्यावर होते ते आफ्रिकेतले खरेखुरे, जंगली सिंह. आळस देणारे, सावजावर तुटून पडणारे, थेट कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे. लोकांनी गर्दी केली.

तो सिनेमा मार्टिन आणि ओसा या जॉन्सन नवरा-बायकोचा. कॅमेरा मार्टिनचा, हे सगळ्यांना कळत होतं. पण सिंह तीस-चाळीस पावलांवर असताना मार्टिन निवांतपणे हँडल फिरवू शकला, कारण शेजारी ओसा होती. भरलेली रायफल, बोट चापावर आणि नजर सिंहावर. तिचं काम गोळी झाडणं हे होतंच, पण त्याहून जास्त, शेवटच्या क्षणापर्यंत ती न झाडणं हे होतं.

रेल्वेवाल्याची मुलगी

ओसा हेलन लेटीचा जन्म १४ मार्च १८९४चा. गाव शनूट, अमेरिकेच्या मध्यावरच्या कॅन्सस राज्यातलं. वडील रेल्वेत नोकरीला. घर साधं, गावही साधं. या मुलीने फार तर शेजारच्या गावात लग्न करून संसार थाटला असता.

पण शेजारच्या गावातला मुलगा जरा वेगळा निघाला. मार्टिन जॉन्सन ओसापेक्षा जवळपास दहा वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांचं इंडिपेंडन्स गावात दागिन्यांचं आणि घड्याळांचं दुकान होतं. तिथे कोडॅकचे कॅमेरेही विकायला असायचे. मार्टिन तिथेच फोटोग्राफी शिकला. प्रसिद्ध लेखक जॅक लंडन ‘स्नार्क’ नावाच्या छोट्या बोटीतून जगप्रवासाला निघतोय आणि त्याला माणसं हवीत, असं कळल्यावर मार्टिनने अर्ज ठोकून दिला. जागा होती आचाऱ्याची. मार्टिनला स्वयंपाक येत नव्हता, पण तो १९०७मध्ये बोटीवर चढला आणि दक्षिण समुद्रातली बेटं बघून परत आला. गावात त्याने बोटीच्याच नावाने थिएटर काढलं आणि प्रवासाचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

१९१०मध्ये त्याची आणि ओसाची गाठ पडली आणि थोडक्या दिवसांच्या ओळखीत दोघांनी घरच्यांना न सांगता लग्न उरकलं. ओसा तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढची काही वर्षं हे जोडपं गावोगावी फिरत राहिलं. मार्टिन प्रवासाची स्लाइड दाखवून बोलायचा, ओसा हवाईचा पोशाख घालून तिथली गाणी म्हणायची. पैसा पैसा साठवायचा आणि एक दिवस खऱ्या प्रवासाला निघायचं, एवढंच डोक्यात.

तो दिवस १९१७मध्ये आला. दोघं पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवर, म्हणजे आजच्या वानुआतूमध्ये पोचले. तिथल्या मालेकुला बेटावरच्या एका टोळीच्या प्रमुखाने त्यांना अडवून धरलं. ब्रिटिशांची गस्ती बोट खाडीत दिसली म्हणून दोघं सुटले. दुसरं कुणी असतं तर पुन्हा त्या दिशेला फिरकलं नसतं. हे दोघं १९१९मध्ये परत गेले, सोबत प्रोजेक्टर घेऊन, आणि त्या लोकांना त्यांचाच सिनेमा पडद्यावर दाखवला.

आफ्रिकेचं बोलावणं

न्यूयॉर्कमध्ये मार्टिनची ओळख कार्ल एकली या माणसाशी झाली. एकली प्राण्यांचं कातडं घडवलेल्या सांगाड्यावर चढवून हुबेहूब जिवंत वाटणाऱ्या प्रतिकृती बनवायचा. त्याचं काम आजही न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये बघायला मिळतं. आफ्रिकेतले प्राणी झपाट्याने संपतायत, ते आहेत तोवर त्यांचं चित्रण करून ठेवा, असं तो जॉन्सन दांपत्याच्या मागे लागला. १९२१मध्ये दोघं केनियात उतरले.

उत्तर केनियात मार्साबित नावाचा डोंगर आहे. त्यावर विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात एक तळं आहे. आजूबाजूला वाळवंट आणि वर डोंगरावर गर्द जंगल, तळ्याकाठी हत्तींचे कळप. जॉन्सन दांपत्याने त्याचं नाव ठेवलं लेक पॅराडाइज. पहिल्या फेरीत त्यांनी ही जागा बघून ठेवली आणि १९२४मध्ये तिथे अक्षरशः संसार मांडला. म्युझियमचा पाठिंबा होता, आणि पैसे देणाऱ्यांत कोडॅक कंपनीचा मालक जॉर्ज ईस्टमनही होता.

१९२७पर्यंत लेक पॅराडाइज हे त्यांचं घर होतं. लाकूड, माती आणि शेण वापरून, गवताने शाकारलेली घरं उभी राहिली. मार्टिनची फिल्म धुण्याची लॅब तिथेच. ओसाने भाजीपाल्याचा मळा केला, हत्तींनी तो तुडवला, तिने पुन्हा लावला. मासे पकडणं, ताटात मांस येईल एवढी शिकार करणं आणि कितीतरी माणसांच्या पोटापाण्याची व्यवस्था बघणं हेही तिच्याकडेच. हे सगळं तळावर काम करणाऱ्या आफ्रिकन माणसांच्या बळावर चालत होतं. हत्तींचा माग काढण्यात तरबेज असलेला बोकुली त्यातलाच एक. यातल्या बहुतेकांची नावं सिनेमाच्या पाट्यांवर कधी आली नाहीत.

दोन हात कॅमेऱ्यावर

आता जरा त्या काळचा कॅमेरा समजून घेऊ, म्हणजे ओसाचं काम काय होतं ते कळेल.

हा कॅमेरा बॅटरीवर चालत नव्हता. बाजूचं हँडल हाताने फिरवायचं. मूकपटांच्या काळात साधारण सेकंदाला दोन फेरे हा हिशोब. वेग कमी-जास्त झाला की पडद्यावर प्राणी धावायला तरी लागणार किंवा रेंगाळायला तरी. म्हणजे एक हात हँडलवर कायमचा अडकलेला. प्राणी हलला की कॅमेरा फिरवायला दुसरा हात. डोळा भिंगाला चिकटलेला. कार्ल एकलीने यासाठी एक खास कॅमेरा बनवला होता. गोल डब्यासारखा दिसणारा हा कॅमेरा तिवईवर अगदी सहज वर-खाली आणि आडवा फिरायचा, त्यामुळे पळणारा प्राणी चौकटीत ठेवता यायचा. जॉन्सन दांपत्याने तो भरपूर वापरला. पण त्यातही कॅमेरामनचे दोन्ही हात आणि नजर कॅमेऱ्यातच अडकलेली असायची. शिवाय हँडलची घरघर. ती ऐकून सिंह मान वळवून बघणारच.

लांब पल्ल्याची भिंगं तेव्हाही होती, पण आजच्या टेलिफोटोसारखी नव्हती. चांगलं चित्र हवं असेल तर जवळ जायला लागायचं. सिंह अंगावर धावून येतो तेव्हा थोड्या अंतरासाठी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्याही वर जातो. तीस मीटरवरून निघाला तर तुमच्यापर्यंत पोचायला त्याला दोनेक सेकंद लागतील. मार्टिनने हँडल सोडून बंदूक उचलेपर्यंत सगळं संपलेलं असणार.

शिवाय दोघांमध्ये नेम चांगला ओसाचा होता. मार्टिन स्वतः हे मान्य करायचा. त्यामुळे वाटणी ठरून गेली. तो चित्र घेणार, ती राखण करणार.

ही राखण वाटते तितकी सोपी नव्हती. सिंहाने शेपटी झटकली, कान मागे घेतले, दबून पुढे सरकला, तर तो धावणार आहे की नुसता दरडावतोय? लवकर गोळी झाडली तर प्राणी हकनाक मरणार आणि चित्रही गेलं. उशीर केला तर नवरा गेला. हा निर्णय दरवेळी काही क्षणांत घ्यायचा, आणि तो एकटीने. ओसाने सिंह मारलेही. पण मार्टिनने घेतलेल्या चित्रांत जे शेकडो सिंह जिवंत दिसतात, त्यांतल्या कितीतरी प्रसंगी तिने बोट चापावर ठेवून चाप ओढलेला नव्हता.

काळोखातला फ्लॅश

सिंहांची खरी गाठ पडली ती पुढे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ मैदानांत. तिथे सिंह कळपाकळपाने राहायचे आणि दिवसाचा बराचसा वेळ सावलीत लोळून काढायचे. सिंहाची ही सवय फोटोग्राफरच्या फायद्याची आणि तोट्याची, दोन्ही. तो सापडतो, पण काही करत नाही. तासन् तास बसून राहायचं. ऊन, धूळ, माश्या. हँडल फिरवायला घ्यावं असं काही घडेलच याची खात्री नाही.

जॉन्सन मंडळींना एक गोष्ट पटकन लक्षात आली. मोटारीत बसलेल्या माणसाकडे सिंह फारसं लक्ष देत नाही. माणूस खाली उतरला, पायांवर उभा राहिला, की मात्र तो सावध होतो. मग मोटार हेच त्यांचं लपण झालं. झेब्रा मारून आमिष म्हणून ठेवायचा, रोज त्याच कळपाजवळ गाडी न्यायची आणि सिंहांना गाडीची सवय होऊ द्यायची. असं करत त्यांनी सिंहांची कौटुंबिक दृश्यं मिळवली. सिंहिणीच्या अंगावर खेळणारे छावे, सावजावरून होणारी भांडणं, तृप्त होऊन पसरलेला आयाळवाला नर.

रात्रीचं काम याहून कठीण. आमिषाच्या आसपास कॅमेरे खांबांवर बांधायचे, वर फ्लॅशची पूड भरलेले दिवे लावायचे, तारा ओढून लपणाच्या जागेपर्यंत आणायच्या आणि काळोखात बसून राहायचं. हाडं फोडल्याचा आवाज आला की समजायचं, पाहुणे आलेत. बटण दाबलं की डोळे दिपवणारा उजेड आणि मोठा आवाज. पुढच्याच क्षणी मिट्ट काळोख, धूर, आणि दिपलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. सिंह पळाला की इकडेच आला, हे फक्त कानांनी ओळखायचं. त्या वेळीही ओसाच्या हातात बंदूक असायची. फोटो आला की नाही, ते फिल्म धुतल्यावरच कळणार.

१९२८मध्ये अमेरिकेतल्या तीन बॉय स्काउट मुलांची निवड करून त्यांना जॉन्सन दांपत्यासोबत सफारीला पाठवण्यात आलं. शाळकरी वयाच्या त्या मुलांनी सिंह जवळून पाहिले आणि परत आल्यावर त्यावर पुस्तकही लिहिलं.

त्या काळात हे का महत्त्वाचं होतं? कारण सिंह तेव्हा अनेकांच्या लेखी उपद्रवी जनावर होता. हौशी शिकारी सेरेंगेटीत मोटारी घेऊन यायचे आणि गाडीतूनच सिंह टिपायचे. ‘आउट ऑफ आफ्रिका’मुळे आपल्याला माहीत असलेला डेनिस फिंच हॅटन हा स्वतः शिकारी. त्यालासुद्धा हे सहन झालं नाही आणि त्याने लंडनच्या ‘टाइम्स’मधून याविरुद्ध आवाज उठवला. त्याच सुमारास पडद्यावर छाव्यांना चाटणारी सिंहीण बघून हजारो मैलांवरच्या लोकांना सिंह वेगळ्या नजरेने दिसायला लागला होता. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान व्हायला १९५१ साल उजाडलं.

पडद्यावरचं खरं-खोटं

इथवर वाचून ओसा आणि मार्टिन तुम्हाला आवडायला लागले असतील. पण सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

लोकांना नुसते लोळणारे सिंह नको होते, थरार हवा होता. मग प्राण्यांना डिवचून कॅमेऱ्यावर धावून यायला लावलं जाई. वेगवेगळ्या वेळी घेतलेली दृश्यं जोडून एकच प्रसंग घडल्यासारखं दाखवलं जाई. १९२६मध्ये एकलीच्या साथीने सिंहाच्या शिकारीचं चित्रण झालं. त्यासाठी केनियातल्या भालाईतांना मुद्दाम आणलं होतं. सिंह खरा, भाले खरे, धोकाही खरा, पण प्रसंग कॅमेऱ्यासाठी घडवलेला. ‘सिंबा’च्या शेवटाकडे हीच शिकार येते, आणि त्यानंतर ओसा काय करताना दिसते? सफरचंदाचा पाय भाजताना. रायफल चालवणारी बाई प्रेक्षकांना चालत होती, पण ती शेवटी स्वयंपाकघरात परतलेली दिसायला हवी होती.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे आफ्रिकन माणसांचं चित्रण. ज्यांच्या जिवावर तळ चालत होता त्यांच्यावरच सिनेमाच्या पाट्यांतून विनोद केले जायचे. ‘काँगोरिला’ या १९३२च्या सिनेमात तर काँगोतल्या बुटक्या लोकांना सिगार आणि फुगे देऊन हसं पिकवलं आहे. आज ते बघवत नाही. त्याच मोहिमेत त्यांनी दोन कोवळे गोरिला पकडून अमेरिकेत आणले आणि ते सॅन दिएगोच्या प्राणीसंग्रहालयात गेले. प्राण्यांवर जीव असलेल्या माणसांनाही तेव्हा यात काही वावगं वाटत नव्हतं.

झेब्रा आणि जिराफ आकाशात

१९३२मध्ये दोघं विमान चालवायला शिकले, तेही ओसाच्या शनूट गावात. मग पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरू शकणारी दोन सिकोर्स्की विमानं घेऊन ते पुन्हा आफ्रिकेत गेले. एका विमानाला झेब्र्याचे पट्टे रंगवले आणि नाव ठेवलं ‘ओसाज आर्क’. दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके, त्याचं नाव ‘स्पिरिट ऑफ आफ्रिका’. १९३३-३४मध्ये त्यांनी वरून पाहिलेली आफ्रिका चित्रित केली. मैदानांवरून धावणारे प्रचंड कळप, हत्ती, बर्फाच्छादित शिखरं. इतक्या उंचीवरून असे कळप प्रेक्षकांनी क्वचितच पाहिले होते. त्यानंतर बोर्निओची मोहीम झाली.

आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते घडलं. सिंह, हत्ती, ताप, वादळं यांतून वाचलेला मार्टिन गेला तो एका साध्या प्रवासी विमानात. १२ जानेवारी १९३७ रोजी सॉल्ट लेक सिटीहून कॅलिफोर्नियात बरबँकला जाणारं विमान डोंगरात कोसळलं. दोघंही त्यात होते. मार्टिनचा दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला. ओसा जबर जखमी झाली.

कॅमेऱ्याशिवायची ओसा

तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षापासून तिचं आयुष्य त्या एका माणसाच्या आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या शेजारी गेलं होतं. कॅमेरामनच नाही म्हटल्यावर राखण करणारीचं काय काम, असं लोकांना वाटणं स्वाभाविक होतं.

ओसाने व्याख्यानांचा ठरलेला दौरा रद्द केला नाही. चाकाच्या खुर्चीत बसून ती व्यासपीठावर गेली आणि पडद्यावरच्या सिंहांबद्दल बोलली. त्याच वर्षी ती आफ्रिकेलाही परतली. ‘स्टॅन्ली अँड लिव्हिंगस्टन’ या हॉलीवूडपटाच्या आफ्रिकेतल्या चित्रीकरणासाठी तिचा सल्ला हवा होता, कारण तिथल्या रानाची आणि सफारीची इतकी माहिती असलेली माणसं थोडीच होती.

१९४०मध्ये तिचं ‘आय मॅरिड अ‍ॅडव्हेंचर’ हे आत्मचरित्र आलं. मुखपृष्ठावर झेब्र्याचे पट्टे. लिहिताना व्यावसायिक लेखिकेची मदत होती, पण जगलेलं आयुष्य तिचंच. त्या वर्षी अमेरिकेत ललितेतर पुस्तकांत सर्वाधिक खप याच पुस्तकाचा झाला. त्याच वर्षी त्यावर सिनेमाही निघाला. पुढे लेक पॅराडाइजच्या दिवसांवरचं पुस्तक आलं, मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी आल्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्ही घरोघरी पोचायला लागला, तेव्हा जुन्या चित्रफितींवर बेतलेली तिची मालिकाही झाली. ७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने तिचं निधन झालं. वय ५८.

पुस्तकाच्या नावातही ती कुणाची तरी बायको आहे. पण वाचताना लक्षात येतं की साहसाशी लग्न करून ती फक्त सोबत गेली नव्हती. अर्धं काम तिचं होतं. फक्त ते चौकटीच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला चालायचं, म्हणून दिसत नव्हतं.

आज सेरेंगेटीत गेलात तर गाडीतून मनाला येईल तिथे खाली उतरता येत नाही. प्राण्यांना आमिष दाखवता येत नाही. बंदुकीचा तर प्रश्नच नाही. हातातल्या फोनवर दोन मिनिटांत सिंहाचं रील तयार होतं. बदललेली नाही ती एकच गोष्ट, वाट बघणं. सिंह उठेल तेव्हाच उठतो, त्याला जांभई यायची तेव्हाच येते. जवळ जायचा मोह आवरणं, हे अजूनही ज्याचं त्यालाच करायला लागतं. ओसाने तो संयम हातात बंदूक असताना पाळला, म्हणून तो मोठा.

शनूटमध्ये ओसा आणि मार्टिनची थडगी शेजारी शेजारी आहेत. त्यांचं सफारी म्युझियमही याच गावात आहे, १९६१मध्ये सुरू झालेलं. सिंहांचे ते फोटो, ती पोस्टर्स आता ज्या इमारतीत बघायला मिळतात, ते गावातलं जुनं रेल्वे स्टेशन आहे. ओसाचे वडील रेल्वेत होते आणि ती पहिल्यांदा घर सोडून निघाली तेव्हाही हा रेल्वेचा रूळ गावातून जातच होता.